पुरे म्हणजे किती?

मी एक जुनी पितळी पळी आहे, मित्रांनो, आणि त्या रविवारी मल्लम्मांच्या हातून मी शेवटचं वाढलं. तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवस अगदी नेहमीसारखा होता. मल्लम्मांची लेक मंजुषा नांदेडच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ती उदगीरला माहेरी आली होती आणि जेवताजेवता भाची स्वप्नालीचा अभ्यास घेत होती.

“इनफ म्हणजे?”

“पुरेसं.”

“त्याच अर्थाचे आणखी शब्द सांग.”

“सफिशंट... अॅडिक्वेट... प्लेंटी!”

“प्लेंटी म्हणजे भरपूर. ते वेगळं.”

“मग आज्जी वाढते ते प्लेंटी, आत्या.”

मल्लम्मा हसल्या. “आमच्या भालकीकडं कानडीत साकु म्हणतेत. साकु म्हटलं की झालं, बास.” आणि असं म्हणतानाच त्यांनी मला वरणात बुडवून मंजुषाच्या भातावर रिकामं केलं.

“आई, पुरे म्हणाले ना मी!”

“तुझं पुरे मला ठाऊक हाय. ते इनफ शाळंत शिकव जा. घे गुमान.”

मी गोंधळले. तशी मी जन्मभर गोंधळलेलीच आहे.

भालकीच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं, दांड्याचं टोक वळवून आकडा केला. मल्लम्मांच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर सासरी आले. माझा खोलगटपणा पाहून सासूबाई म्हणाल्या होत्या, “सुनेचा हात मोठा दिसतोय!” ते कौतुक होतं की टोमणा, हेही मला कळलं नाही.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, माझा खरा मान. शेतात पंगत बसायची, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं, अशी इकडची रीत. पालेभाज्या-शेंगांची भज्जी मीच वाढायची, आंबील मीच. लोक पानावर हात आडवा धरून “बस, बस” म्हणायचे आणि मल्लम्मा तो हात सरकायची वाट पाहत उभ्या राहायच्या. पहिल्या ‘पुरे’ला थांबणं म्हणजे पाहुण्याला उठवून लावणं. मग मी शिकले, की पुरे म्हणजे अजून थोडं.

पण सगळ्यांच्या मागून मल्लम्मा स्वतः जेवायला बसायच्या. मी पातेल्याच्या तळाशी खरवडत फिरायची आणि त्या म्हणायच्या, “मला एवढं साकु.” पातेल्यात तर काही नसायचंच! लेकीनं साडी आणली की “हायेत की, पुरे” म्हणत ती पेटीत जायची. छातीत दुखतंय का, असं मंजुषानं विचारलं की “बास कर गं, काय झालं न्हाई.” एकच शब्द, आणि दर वेळी त्याचं माप निराळं.

पुढे कल्हईवाले फिरेनासे झाले. घरात स्टीलची हलकी पळी आली. मी खिळ्यावर लटकून काळी पडत गेले. फक्त मंजुषा यायची त्या दिवशी मल्लम्मा मला चिंचेनं घासून खाली काढायच्या.

“ती नको गं आई,” मंजुषा कुरकुरायची. “दोघांचं एकदम वाढते ती.”

“म्हणूनच काढली.”

त्या रविवारनंतरच्या सकाळी मल्लम्मा अंगणात सडा टाकता टाकता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. आदल्या संध्याकाळी नांदेडला पोचलेली मंजुषा आल्या वाटेनं परतली.

माती देऊन मंडळी घरी आली. त्या दिवशी चूल पेटवायची नव्हती. शेजारच्या सिंधुताईंनी त्यांच्या घरून वरण-भात आणला. वाढायला त्यांच्या हाताला मीच लागले.

“दोन घास खा बाई,” त्या म्हणाल्या आणि मंजुषाच्या भातावर त्यांनी मला थोडंसं कलतं केलं.

मंजुषानं ताटावर हात आडवा धरला. “पुरे.”

“बरं,” सिंधुताई म्हणाल्या आणि त्यांनी मला पातेल्यात परत ठेवलं.

मित्रांनो, मी चक्रावले. पहिल्याच ‘पुरे’ला? सिंधुताईंचं काही चुकलं नव्हतं. दुःखाच्या घरी आग्रह करायचा नसतो. पण मंजुषाचा हात ताटावर तसाच होता. जणू तीही पुढच्या आग्रहाची वाट पाहत होती आणि तो येत नव्हता.

जुनी भांडी घासूनपुसून ठेवा, एवढंच आम्ही भांडी मागतो. मी आणखी एक मागते. तुमच्या घरी जी बाई सगळ्यांच्या मागून जेवते, ती पुरे म्हणाली तर एकदा वाकून पातेल्यात बघा.

मंजुषानं ताटावरचा हात बाजूला घेतला. सिंधुताईंकडे नाही, स्वप्नालीकडेही नाही, ती थंड चुलीकडे बघत होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली,

“आई, पुरे नाही झालं गं. अजून वाढ.”