आकाशपाळण्याचा अधिकृत इतिहास

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं तिकीटखिडकीमागच्या खोलीत बसून नगरपालिकेसाठी थापा लिहीत होतो. म्हणजे बाबा मारत होते आणि मी लिहीत होते.

समुद्राकाठचं ते करमणूक उद्यान बंद पडून एकतीस वर्षं झाली होती. लाकडी घोड्यांचं चक्र गंजलं होतं, भुताच्या घरात खरोखरची वटवाघळं राहायला आली होती आणि आकाशपाळण्याच्या वरच्या पाळण्यांमध्ये समुद्रपक्ष्यांनी बिनतिकीट संसार थाटले होते. बाबा त्या आकाशपाळण्याचे चालक. उद्यान बंद झाल्यावर राखणदार म्हणून ते तिथेच राहिले. कुंपणाच्या भगदाडातून घुसणाऱ्यांना हाकलायचं, हे त्यांचं काम. ते त्यांना हाताला धरून आत आणायचे आणि उद्यानाचा इतिहास सांगायचे, दर वेळी नवा. आता नगरपालिकेला फाटकाशी माहितीफलक लावायचा होता आणि मजकूर बाबांकडून हवा होता. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणून लिहून घ्यायला मी.

"लिही," बाबा म्हणाले. "उद्घाटनाला देवमासा आला होता."

"बाबा."

"जवळ नाही आला. लांबूनच दिवे बघून गेला."

"हा फलक आहे. लोक उभे राहून वाचणार."

"मग उभं राहण्यासारखं काही नको का त्यात?"

मी देवमासा लिहिला.

"भुताच्या घरातलं भूत नोकरी सोडून गेलं, कारण त्याचं लग्न ठरलं आणि सासरच्यांना धंदा पसंत पडेना."

हे मात्र अगदी खरं होतं. ते भूत मला शाळेच्या वाटेवर सायकलवरून सोडायचं.

"माझी पोरगी लोकांच्या चुका काढून पोट भरते," बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यावर सराव करते." त्या दिवशीही मी दोन ठिकाणी हरकत घेतली आणि दोन्ही ठिकाणी हरले. मग शेवटचा परिच्छेद आला.

"उद्यान का बंद पडलं?" मी विचारलं. मान वर केली नाही.

याची उत्तरं मला पाठ होती. कधी वादळ, कधी मालक दोरीवर चालणाऱ्या बाईच्या मागे लागला म्हणून, कधी समुद्रानं आपली जागा परत मागितली म्हणून. मी चौथ्याची वाट पाहत होते.

"लिही. पाळणेवाल्याचा अंदाज चुकला."

"एवढंच?"

"एवढंच. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली. मग माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तीन किलो उतरलीस गं. जेवतेस ना वेळेवर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. मावशी नात्यानं कोणी नाही. ती पूर्वी तिकीटखिडकीत बसायची आणि अजून शेजारच्याच खोलीत राहते. बाबा बूट घालून, फाटकाची किल्ली हातात घेऊन खुर्चीत बसले होते, आणि उठले नाहीत.

आता त्या अंदाजाबद्दल सांगायला हवं.

आकाशपाळणा तोलावर चालतो. एका बाजूला भार जास्त झाला की मोटर रडते आणि ब्रेक तापतो. म्हणून माणसं समोरासमोर, वजन बघून बसवायची. बाबा रांगेवरून एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "काका, तुम्ही इकडे. ताई, तुम्ही दोघी तिकडे. आजोबा, तुम्ही जरा थांबा, तुमच्या तोडीचा माणूस येऊ दे." वजन विचारायचं नसतं, बघायचं असतं, असं ते सांगायचे. त्यांची नजर किलोला हुकायची नाही. मी सोळा वर्षांची होते आणि मला माणसं बसवू द्या म्हणून रोज हट्ट करायचे. ते रोज म्हणायचे, "तुला अजून नजर नाही."

त्या दिवशी मालकाची सासरवाडी उद्यान बघायला आली. मालक काडीपैलवान, बायकोही तशीच. सासरची मंडळी मात्र अशी की बाकावर तिघं बसली की चौथ्यानं उभं राहायचं. बाबा नेमके चहा प्यायला मावशीच्या खोलीत गेले होते.

"आम्हाला सगळ्यांना जवळजवळ बसायचंय," मालकाच्या सासूबाई म्हणाल्या.

"बसा ना," मी म्हटलं.

मला कळत होतं. हे मी स्वतःपासून कधी लपवलेलं नाही. नजर होती मला. मी त्या मंडळींना लागोपाठच्या चार पाळण्यांत बसवलं आणि बरोबर समोर मालक, त्याची बायको आणि रांगेत उभे असलेले आमच्या शाळेतले गणिताचे हडकुळे मास्तर. काय होतं ते मला बघायचं होतं. मग मी दांडा ओढला.

सासरवाडी जेमतेम अर्धी वर गेली आणि तशीच मागे खाली आली. पाळणा दोनचार वेळा झुलला, ब्रेकमधून धूर निघाला, आणि मंडळी जमिनीलगत, मालक थेट ढगात, असं सगळं थांबलं. सासूबाई उतरायला उठल्या.

बाबा हातात कप घेऊन धावत आले. "कोणी उतरायचं नाही! तुम्ही उतरलात तर जावई एकदम खाली येतील!"

"येऊ देत की," सासूबाई म्हणाल्या.

"दगडासारखे येतील, बाई."

सासूबाई बसल्या. बाबांनी किनाऱ्यावरची वाळू पोत्यांत भरून आणवली. एक माणूस उतरवायचा आणि त्याच्या जागी वाळू घालायची, असं चाललं. कोणाला किती वाळू, हे बाबा नजरेनं सांगत होते. "मामांना दोन पोती. काकूंना... पावणेदोन." काकू बाबांकडे अशा बघत होत्या की त्यापेक्षा वर अडकलेलं बरं. सगळे उतरल्यावर थोडी थोडी वाळू काढून दोन्हीकडचा तोल जमवला, मग त्याच मंडळींनी दोर लावला आणि जावयाला हातानं ओढून खाली आणलं. अडीच तास लागले. सासूबाई अधूनमधून वर बघून विचारत होत्या, "जावईबापू, दिसतंय का काही तिथून?" त्यांना काही दिसत नव्हतं, ते वाकून ओकत होते.

मला इतकं हसू येत होतं की मी भुताच्या घरात जाऊन तोंडात ओढणी कोंबली.

चौकशीला माणूस आला तेव्हा हसू संपलं होतं. "माणसं कोणी बसवली?" त्यानं विचारलं. मी बाबांच्या मागे उभी होते. "मी," बाबा म्हणाले. "अंदाज चुकला." परवाना गेला, आणि झालेल्या शोभेनंतर मालकानं तो पुन्हा मागितलाही नाही. सगळ्यांचं काम सुटलं. गावात कोणी काही चुकीचं मोजलं की लोक म्हणायचे, "पाळणेवाल्यागत झालं." बाबाही हसायचे. पण त्यानंतर त्यांनी कोणाचं वजन सांगितलं नाही, त्या शेवटच्या दुपारपर्यंत.

मला ते कधी रागावले नाहीत. एकदा जरी रागावले असते, तरी मी कबूल केलं असतं. असं मी स्वतःला समजावत आले.

बाबा जाऊन पंधरा दिवस झाल्यावर नगरपालिकेचा अधिकारी मजकुराचा कागद घेऊन फाटकाशी आला. मावशी खुर्ची टाकून बसली होती. त्यानं सगळं मोठ्यानं वाचलं, देवमाशासकट, आणि शेवटच्या वाक्याशी समाधानानं थांबला.

"बाकीचं ऐकीव आहे, चालेल," तो म्हणाला. "हे एक वाक्य मात्र पक्कं. चौकशी अहवालातही हेच आहे."

"तेवढं एकच खोटं आहे त्यात," मावशी म्हणाली. "त्याचा अंदाज? मला बघून एकदा अर्ध्या किलोपर्यंत वजन सांगितलंन मेल्यानं, चारचौघांत. दोन वर्षं बोलत नव्हते मी त्याच्याशी."

"पण त्यांनीच लिहून दिलंय, मावशी. खाली सही आहे."

"असेल सही. त्या दिवशी तो माझ्याकडे चहा..." मावशी बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे न बघता पदराला हात पुसू लागली. तेव्हा मला समजलं की एकतीस वर्षं मी एकटीच गप्प नव्हते.

"मग द्यायचं ना रंगाऱ्याकडे?" अधिकाऱ्यानं मला विचारलं. "एकदा रंगवलं की खोडता यायचं नाही."

मी त्याच्या हातातून कागद घेतला. ते वाक्य माझ्याच अक्षरात होतं, स्वच्छ, एकही चूक नसलेलं.

"थांबा," मी म्हटलं. "बाबांचा अंदाज चुकला नव्हता. त्या दिवशी माणसं मी बसवली होती. मुद्दाम, गंमत म्हणून."