दोन बोटांची कोरडी जागा

मी बॉयलर बोलतोय. बसा, पण अगदी समोर नका बसू, जरा बाजूला सरका. हो, तिथे. आता सांगतो.

मी काही कारखान्यातला अगडबंब बॉयलर नाही. एका हौशी माणसाने घरामागच्या खोलीत पहिल्यांदाच केलेल्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर. लांबीला वीतभर, घेराला चहाच्या डब्याएवढा. हसू नका. माझ्या पोटात उकळतं पाणी असायचं, आणि उकळत्या पाण्याला लहान-मोठं काही कळत नाही.

मला घडवणाऱ्याला गल्लीत सगळे मशीनवाले काका म्हणतात. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. कुणाचं मशीन टाका सोडतंय, कुणाचं दोरा तोडतंय, काका नुसता आवाज ऐकून सांगायचे. हात असा हलका, की मशीनलाही कळू नये कधी उघडलं आणि कधी मिटलं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त केल्या, स्वतःची म्हणून एक वस्तू केली नाही, ही रुखरुख त्यांना होती. साठी जवळ आली तशी ती उफाळून आली.

"वाफेचं इंजिन करणार आहे," त्यांनी काकूंना सांगितलं.

"केल्यावर काय होईल?"

"चालेल."

"आणि मग?"

"मग काय मग? चालेल!"

काकू हसल्या. आपली खुर्ची उचलून त्या खोलीत घेऊन आल्या. खिडकीचं ऊन तिथेच चांगलं येतं, वाचायला बरं पडतं, असं म्हणाल्या. खरं तर त्यांना काकांजवळ बसायचं होतं. ती खुर्ची माझ्या मागच्या झाकणाच्या बरोब्बर समोर होती, अडीच हातांवर.

माझा जन्म म्हणजे काकांच्या जिवाची परीक्षाच. तांब्याचा नळा तयार मिळाला, पण दोन्ही टोकांची झाकणं घडवायची होती. तांब्याची चकती लालबुंद तापवायची, पाण्यात बुडवून मऊ करायची, मग लाकडी ठोकळ्यावर ठोकून तिची कड वळवायची. पहिली दोन झाकणं तडकली. काका हात धुऊन माझ्या मागे लागले होते. आठ महिने लागले मला उभा राहायला.

मग झाकणं चांदीच्या डागाने, म्हणजे चांदी मिसळलेला धातू वितळवून, जोडायचा दिवस आला. हा डाग भारी मानी. सांधा सगळीकडून लाल झाला तरच तो वितळून आत शिरतो, नाहीतर वरच्यावर चकाकून बसतो. काकांकडे ज्योत फेकणारी टॉर्च एकच, आणि तीही लहान. मागच्या झाकणाच्या डाव्या खांद्याशी पितळेची जाड तोटी होती, तिने सगळी आच खाल्ली. बाहेरून सांध्यावर रुपेरी रेघ छान फिरलेली दिसली. काका खूश झाले. आतून मात्र दोन बोटं लांबीची जागा कोरडीच राहिली, तिथे डाग पोचलाच नाही.

ते मला ठाऊक होतं. माझंच अंग, मला नाही कळणार तर कुणाला? पण आमच्या जातीला तोंड नाही.

काकूंचे थोरले भाऊ, दादा, एका इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायचे. आता घरी असतात. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि का, ते ते कधी सांगत नाहीत. मला हातात घेऊन त्यांनी सावकाश फिरवलं.

"पाण्याची चाचणी केल्याशिवाय वाफ धरू नका हं," ते काकांना म्हणाले. "साठ पौंड दाबावर चालवायचाय ना? मग आत गच्च पाणी भरा, हातपंपाने एकशेवीसपर्यंत दाब द्या. सांधा कच्चा असला तर पाणी नुसतं ठिबकतं. वाफ ठिबकत नाही. तुमचा हात बारीक कामाचा आहे, पण वाफेचं काम निराळं."

शेवटचं वाक्य काकांना झोंबलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही, पण झोंबलं.

चाचणी त्यांनी केली. खोटं कशाला बोलू? एका सकाळी, काकू बाजारात गेल्या असताना, एकट्याने केली. दाबाचा काटा सत्तरच्या पुढे गेला आणि माझ्या डाव्या खांद्यावर, त्या तोटीशेजारी, टाचणीच्या टोकाएवढा थेंब आला. काकांनी बोटाने पुसला. पुन्हा आला. पुन्हा पुसला. काकांनी पंप खाली ठेवला.

आता करायचं काय? मला सबंध पुन्हा तापवावं लागणार होतं. त्यात बाकीचे सांधे सुटले तर आठ महिने पाण्यात. आणि दादांकडे मदत मागायची म्हणजे, "निराळं काम आहे हे, खरंच," असं कबूल करायचं. त्यांनी साधा कथलाचा डाग घेतला, तो थोड्याशा आचेवरही वितळतो, आणि त्या भोकावर थापला. कानशीने घासून सपाट केला. वर काळा रंग दिला. पुन्हा पंप लावायचा धीर काही त्यांना झाला नाही.

संध्याकाळी दादा आले. काकू चहा गाळत होत्या.

"केली चाचणी?"

"केली. खडखडीत कोरडा."

काकूंच्या देखत म्हणाले. काकूंनी दादांकडे असं बघितलं, जणू काही ही करामत आपण स्वतःच केली आहे!

मग सुरू झाले माझे दिवस. मान्य करतो, सुखाचे होते. पहिल्यांदा वीस पौंडांवर वाफ धरली, दट्ट्या सरकला, चाक जागचं हललं आणि मग थांबेचना. काकूंनी टाळ्या वाजवल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही चालायचंच होतं हो! त्याच्यासाठीच तर मी होतो. पण दर वेळी खाली पेटत्या स्पिरिटची ट्रे सरकली, की त्या काळ्या रंगाखाली कथील कुरकुरायचं, आणि समोर अडीच हातांवर काकू पान उलटायच्या. मला चालण्याची भीती वाटायला लागली. बॉयलरला चालण्याची भीती, म्हणजे बघा.

विसाचे तीस झाले, तिसाचे चाळीस. काही झालं नाही. दर वेळी काही झालं नाही, की काका स्वतःच्याच खोट्यावर थोडा थोडा विश्वास ठेवायला लागले. हेच मला सगळ्यात वाईट वाटायचं.

मग दादांना बोलवायचं ठरलं, साठ पौंडांवर चालवून दाखवायला. ते येण्याच्या आदल्या दुपारी काका म्हणाले, एकदा रंगीत तालीम करून घेऊ.

काकू खुर्चीत बसल्या, पुस्तक उघडलं. काटा चाळीसवर आला, पंचेचाळीसवर आला. काकांची नजर काट्याला खिळलेली. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे त्यांनी बघितलंच नाही. पाणी उतरत होतं. माझा डावा खांदा उघडा पडला. पाण्याबाहेर आलेलं तांबं किती झटकन तापतं, ते दादांनी सांगितलं असतं.

पन्नास.

काळ्या रंगावर एक फोड उठला. मला बोलायला एवढंच येत होतं, ते मी बोललो. फोड फुटला, आणि शिट्टीसारखी बारीक सूं ऐकू यायला लागली.

काकांनी ती ऐकली. आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस तो! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, तू जरा आत जा."

"का?"

"असंच. चहा टाक."

"आत्ताच तर घेतलात." काकूंनी पुस्तक मिटलं. "तुम्ही येताय?"

"मला इथे थांबायला लागेल."

"मग मीही थांबते."

"जा म्हणतोय ना!"

तीस वर्षांत काका असे ओरडले नव्हते. काकू उठल्या नाहीत. काकांच्या तोंडाकडे बघत बसल्या. कथील लोण्यासारखं सैल होत होतं, काटा पंचावन्नकडे सरकत होता, आणि काकांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ऊठ ना ग बाई, मी मनात ओरडत होतो. आणि तुम्ही बोला ना हो! एवढंसं तर आहे सांगायचं!

"त्याला भोक आहे," काका एकदम म्हणाले. "मी कथील भरलंय. चाचणीत गळला होता तो. मी खोटं बोललो."

काकू उठल्या. काकांनी ट्रे ओढून विझवली, काकूंनी त्यांचं मनगट धरलं आणि दोघं अंगणात गेली. दार लागलं.

मी दहापर्यंतही मोजलं नसेल. खांद्याची दोन बोटं उसवली आणि पाठोपाठ झाकण डब्याचं उघडावं तसं उघडलं. पोटातलं सगळं समोर गेलं. खुर्ची उलटून भिंतीवर आदळली, खिडकीची काच अंगणात पडली, पुस्तकाचा लगदा झाला.

बऱ्याच वेळाने फुटक्या खिडकीतून काकूंनी आत बघितलं. खुर्चीकडे बघितलं.

"दादाला तुम्ही माझ्यासमोर सांगितलंत, कोरडा होता म्हणून."

"हो."

"आणि मी तिथे बसत होते. रोज."

"हो," काका म्हणाले, आणि पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी दादा आले. रागावले नाहीत. करवत मागून घेतली, मला उभा चिरला आणि आतली ती कोरडी जागा काकांच्या बोटाने काकांनाच चाचपायला लावली.

"अजून पाच मिनिटांची आच कमी पडली. मला हाक मारायची होती. दुसरी टॉर्च मी धरली असती."

काका रडले. मोठ्याने रडले.

आता मी अर्धा चिरलेला फळीवर असतो. काकांनी नवा बॉयलर केला, दोन टॉर्च लावून. एकशेवीसची चाचणी दादांनी आणि काकूंनी समोर उभं राहून बघितली. तो खरोखरच कोरडा आहे. त्याचं चाक फिरतं तेव्हा मला हेवा वाटत नाही. मला भंगारात घालू नका, एवढीच विनवणी आहे. कुणी नवशिका आला तर त्याचं बोट माझ्या खांद्यावरून फिरवा.

काकू अजूनही येतात. पण ट्रे पेटवायच्या आधी दर वेळी विचारतात, "काही सांगायचं राहिलंय का?"

"नाही," काका म्हणतात. खरंच नसतं.

नवी खुर्ची आहे, ऊनही तेच आहे. पण काटा दहावर येईपर्यंत काकू तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्याच असतात. काट्याकडे त्या बघत नाहीत. काकांच्या तोंडाकडे बघतात.