खरं काळं

सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण तो ठिपका त्याला हसत होता. संगणकाच्या पडद्याच्या उजव्या अंगाला, खालून चार बोटं वर, मोहरीचा दाणा दहादा फोडल्यावर जेवढा उरेल तेवढा हिरवा ठिपका. सगळा पडदा काळा केला की त्याचे शेजारीपाजारी गुमान विझायचे आणि हा एकटा, भर बैठकीत पाय पसरून बसलेल्या जावयासारखा, आपला जागाच. जावयासारखा... हा शब्द मनात आला तसा त्याला साडू आठवला, आणि साडू आठवला तसा हातातल्या मऊ फडक्याचा दाब नको तेवढा वाढून त्या ठिपक्याभोवती इंद्रधनुष्याचे डाग उमटले. त्यानं हात सैल केला. असे अडकलेले ठिपके हळूहळू चोळले की सुटतात, असं या धंद्यात सगळेच मानतात. सुटलेला मात्र कुणी पाहिलेला नाही—त्याच्याशिवाय. त्यानं एकदा दुपारभर चोळून एक ठिपका असा काही मोकळा केला होता, की तो आभार मानायला पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. छपाईच्या यंत्रवाल्यानं ही हकिकत चहा संपेपर्यंत खरी मानली होती. चहा संपल्यावर म्हणाला, "आणि परत जागेवर गेला की तिकडेच बिऱ्हाड केलं?"

छापखान्यातल्या या खोलीच्या भिंती करड्या, खिडकीचे पडदे करडे, त्याच्या अंगावरचा डगलासुद्धा करडा, कारण दुसरा कुठला रंग त्या काचेवर पडला तर डोळा फसतो. संगणकाच्या पडद्यावरचा रंग आणि कागदावर उतरलेला रंग एकच आहे की नाही हे सांगायचं, एवढंच त्याचं काम. पण माणसानं दिवसभर करड्यात बसून करायचं काय? तो पुढच्या काळात येणारे संगणकाचे पडदे मनात बघायचा आणि सगळ्यांना सांगत सुटायचा. चटईसारखे गुंडाळून काखेत मारायचे पडदे. खिडकीत ठेवले की ऊन पिऊन चालणारे. मागे साहेब येऊन उभा राहिला की त्याला नुसती भिंत दाखवणारे. सगळ्या छापखान्यानं त्याचं नाव ‘दुर्बीण’ पाडलं होतं, आणि ते घरापर्यंतही पोचलं होतं. त्यातल्या काही थापा पुढे खऱ्याही झाल्या, म्हणजे त्याचं श्रेय त्याला कुणी दिलं नाही ही गोष्ट वेगळी, आणि दिलं असतं तरी त्यानं ते नको नको म्हणत दोन्ही हातांनी घेतलं असतं.

पण गेल्या सुट्टीच्या दिवशी, बायकोच्या ताईच्या घरी, खिडकीजवळच्या त्या वेताच्या खुर्चीत...

साडू कचेऱ्यांना संगणक पुरवणाऱ्या कंपनीत खरेदी बघतो. बोलायच्या आधी चष्मा पुसणारा माणूस. आयुष्यातली त्याची सगळ्यात मोठी थाप म्हणजे ‘पाच मिनिटांत पोचतो.’ त्यानं त्या दिवशीही आधी चष्मा पुसला आणि मग, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, की कंपनीनं त्याला एक नवा पडदा बघायला पाठवलं होतं. अजून बाजारात यायचाय.

"तसा बरा आहे," साडू म्हणाला. "मागे दिवाच नाही त्याला. एकेक ठिपका आपापला पेटतो. काळं दाखवायचं असलं की विझतो. एकच चित्र फार वेळ ठेवलं तर डाग राहतो म्हणतात, ते अजून सुटायचंय. पुढच्या वर्षी येईल बहुतेक. बघू."

आणि त्याची बायको—त्याची, दुसऱ्या कुणाची नव्हे—खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "म्हणजे खरं काळं, भावोजी?"

"खरं. म्हणजे... तिथे काहीच नाही असं."

"कसं दिसतं ते?"

एवढंच. घरात आग लागली नाही, कुणी कुणाचा हात धरला नाही. ताईनं बिस्किटं पुढे केली आणि त्यानं एक उचललंसुद्धा. पण ते बिस्कीट अजून घशाशी आहे. कारण काळं हे त्या दोघांचं होतं. लग्नाआधी तो कोपराशी फाटलेला कोट घेऊन रफू करणाऱ्या एका मुलीकडे गेला होता आणि तिनं काढलेली काळी रिळं बघून, न राहवून, म्हणाला होता, "हे काळं नव्हे, हे दमलेलं निळं. हे तपकिरी आहे, अंधाराचा फायदा घेतंय. आणि तुम्ही निवडलंत ना, ते उपाशी हिरवं." ती हसली नाही. रिळं घेऊन दारात उजेडाला गेली, एकेक दोरा बोटावर ताणून बघितला, आणि मग हसली... त्या हसण्यावर इतकी वर्षं संसार चालला आहे. छापखान्यातून घरी येताना इतर नवरे जे काय आणत असतील ते आणोत, तो नवनवीन काळे रंग घेऊन यायचा. आज एका शाईच्या काळ्यात लाल लपलेलं सापडलं, आज रस्त्यावर ओल्या टायरचं काळं भेटलं, फार गर्विष्ठ आहे, बोलत नाही कुणाशी. आणि ती विचारायची, "मग खरं काळं कुठं असतं हो?" तो म्हणायचा, "यायचंय. पडद्यातून येणार आहे. आलं की पहिल्यांदा तुला मी दाखवीन."

पहिल्यांदा. मी.

परवा डबा भरता भरता ती सहज म्हणाली, "भावोजींनी सांगितला तसला पडदा तुमच्याकडे कधी येणार?" भावोजींनी सांगितला तसला! अगं, त्याला चष्म्याचा नंबर लागला नव्हता तेव्हापासून तुला हा पडदा कोण सांगतंय? मीच ना? मागे दिवा नसलेला, ठिपक्याठिपक्यानं पेटणारा... शब्द न् शब्द माझा. पण मी सांगितला तेव्हा ती गोष्ट होती आणि त्यानं सांगितला तेव्हा ती बातमी झाली. गोष्ट ऐकून बाई हसते, बातमी ऐकून खुर्ची पुढे ओढते. हा फरक त्याच्या आधी कधी ध्यानात आला नव्हता, आणि आता आला तो असा, की फडकं हातात तसंच राहिलं.

त्यानं खोलीतला दिवा मालवला आणि पडदा पुन्हा काळा केला. हिरवा पाहुणा सोडून द्या. बाकीचं तरी काळं होतं का? राख होती ती. चारी कोपऱ्यांतून मागचा दिवा गळत होता, जुन्या छपरातून गळावा तसा. या राखेला आपण रोज काळं म्हणत आलो, सह्या ठोकत आलो... दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो नव्या पडद्यांविषयी जिथे जे लिहून येतं ते वाचत असे. कुणी म्हणायचं पुढच्या वर्षी, कुणी म्हणायचं आणखी दोन वर्षं नाव काढू नका. कुणी म्हणायचं जुने कारखाने बंद पडणार, कुणी म्हणायचं नव्या पडद्यात निळे ठिपके आधी थकतात. लिहिणाऱ्यांपैकी कुणीच काही पाहिलेलं नसायचं. सगळे त्याच्यासारखेच, आणि म्हणून त्याला ते सगळे आपल्या भाऊबंदांसारखे वाटायचे. आज मात्र त्यांची कीव आली. तिकडे एक चष्मा पुसणारा माणूस जातो, बघतो, ‘तसा बरा आहे’ म्हणतो आणि यांची सगळ्यांची गाठोडी रस्त्यावर.

‘तसा बरा आहे!’ ज्याला आयुष्यभर बघायचं होतं त्याला बोलावणं नाही, आणि ज्याला बोलावलं त्यानं ते, पायात बसते की नाही ते बघून चप्पल ठेवून द्यावी, तसं बघितलं. तिथे उभं राहून त्याला काय वाटलं असेल? काही वाटलं नसेल. आणि ते काही न वाटणंच तिला खरं वाटलं.

यंत्रवाल्यानं दार उघडलं. "काय दुर्बीण, अंधारात? यंदा तो गुंडाळायचा पडदा येणार होता ना? माझ्या मेव्हण्याला शब्द देऊन बसलोय मी."

"येतोय."

"कुठपर्यंत आलाय?"

"पोचतोय पाच मिनिटांत," तो म्हणाला, आणि कुणाचे शब्द आपल्या तोंडात आले हे कळून त्याचे कान तापले.

संध्याकाळी घरी आला तेव्हा दारात साडूच्या चपला होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या. ताई चहा गाळत होती. बायको खिडकीशी कुणाचासा काळा कोट मांडीवर घेऊन शेवटचे टाके घालत होती आणि साडू तिला काहीतरी सांगत होता... विजेच्या बिलाबद्दल निघालं, पण ते तीन पावलांनंतर कळलं, आणि त्या तीन पावलांत त्याच्या डोक्यात काय काय होऊन गेलं ते सांगायची सोय नाही.

"या दुर्बीणराव," ताई म्हणाली. "आज काय दिसतंय लांबवर?"

"लांबवर कशाला?" तो म्हणाला. आवाज आपोआप खाली गेला, गोष्ट सुरू करायचा जो खास आवाज असतो तो. "हातभर अंतरावरून बघून आलोय. तो पडदा."

बायकोनं वर पाहिलं.

बस. मग त्याला कोण थांबवणार? पडदे पुरवणाऱ्यांनी खास बोलावलं होतं, छापखान्यातून एकट्यालाच. एकाआड एक तीन दारं. पहिल्या दारात फोन काढून घेतले, दुसऱ्यात घड्याळं, कारण काट्यांना लावलेला तो अंधारात चमकणारा लेपसुद्धा त्यांना चालत नाही. तिसऱ्या दारात एक बाई फक्त एवढंच विचारत होती, की तुम्हाला चक्कर तर येत नाही ना. आत दिवे मालवले. आणि मग समोर ते काळं आलं... आलं म्हणजे काय, होतं ते गेलं. भिंत गेली. शेजारचा माणूस खुर्चीची कड धरून म्हणाला, मला आत पडायला होतंय. एकानं खिशातलं नाणं फेकून बघितलं, तर आवाजच आला नाही.

"अगंबाई," ताई म्हणाली.

साडूनं मान हलवली. "वाटतं तसं. मलाही जरा... वाटलं होतं." हे त्यानं इतक्या सरळपणे म्हटलं, की दुर्बीणरावांना त्याचा आणखीच राग आला. या माणसाला हरवावं तर तो हरायलाही उभा राहत नाही, खुशाल आपल्या बाजूला येऊन बसतो.

"आणि तो पडदा ज्यानं बनवला तो म्हातारा," तो पुढे म्हणाला, आता फक्त तिच्याकडे बघत, "तिथेच उभा होता, पडद्याच्या अंगाला. सगळं गुडुप, मिट्ट. त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, तुमच्यासारखा बघणारा आज पहिल्यांदा आला. आणि हसला... सोन्याचा दात होता त्याला एक. तो असा लखकन चमकला!"

ताईचा पेला ओठांपाशीच थांबला. किती छान रंगली होती गोष्ट.

"अहो," बायको म्हणाली, "दिवे मालवलेले, घड्याळंसुद्धा बाहेर, आणि पडदा पार विझलेला. मग त्याचा दात चमकला कशानं?"

ताईला ठसकाच लागला. चहाचा पेला खाली ठेवून ती पदरात तोंड घालून हसत सुटली. त्याच्या उभ्या आयुष्यात असं काळं कधी आलंच नव्हतं ज्यात शेजारच्या माणसाचं तोंड दिसत नाही. राखेच्या उजेडात बसून बसून त्याला थापसुद्धा राखेच्या उजेडातलीच सुचली होती.

साडूनं घाईघाईनं चष्मा काढला. "नाही, काय होतं... दाराला कधी कधी फट असते. मी गेलो होतो तेव्हा होती. म्हणजे, मला वाटतं, होती." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा थाप मारत होता बिचारा, आणि फार वाईट मारत होता.

"तुम्ही थांबा भावोजी," ती म्हणाली. "यांना सांगू दे."

ती हसत नव्हती. रागावलीही नव्हती. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, हे पकडणं आहे की विचारणं आहे ते कळेना. आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं की ती त्याच्याकडे बघतच नाहीये, त्याच्या जरा मागे बघते आहे, तिथे, जिथे तीन दारं ओलांडून एक माणूस त्या अंधारात जाऊन आला होता. साडूचा राग आता शोधूनही सापडत नव्हता. पण मत्सराची आग तशीच होती, तिनं फक्त कूस बदलली होती. आपल्याच थापेतला तो माणूस कसा असेल... त्याला काय दिसलं असेल... आणि तिला त्याच्याकडून जे ऐकायचं होतं, ते आपण कुठून आणायचं?