जीवाचं कुंकू

अंबाजीबुवाच्या मठात रविवारी सकाळी पुरुषांची बैठक बसली आणि तासाभरात ठरलं, की बुवा नालायक निघाला तरी त्याचं चूर्ण चालू ठेवायचं. चूर्णानं पोट साफ होतं, त्यात बुवाचा काय संबंध, असं भगवंतराव म्हणाले. आणि त्यांच्या पोटाची तक्रार हैदराबादच्या साऱ्या काचीगुड्याला ठाऊक असल्यामुळे कोणी वाद घातला नाही. गुरुवारचं भजनही चालू राहणार होतं, कारण भजन देवाचं. आबिड्सहून करवून आणलेल्या सागवानी चौकटीतून बुवाचा फोटो काढून तिच्यात दत्तगुरू बसवले. चौकट चांगली होती. बंद करायचं ठरलं ते एकच. बुवाच्या सांगण्यावरून मठातल्या विधवा कुंकू लावत होत्या, ते.

ऐकायला आलेल्या बायकांच्या बाजूला केसरबाई बसली होती. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

तिचा नवरा तातेराव पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी तापानं गेला. त्यानंतरचं वर्ष तिनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काढलं. धाकटी जाऊ कोंडाबाई हिच्या पहिल्या लेकराचं बारसं झालं, तेव्हा पाहुण्यांसाठी शंभर पुरणपोळ्या केसरबाईनं लाटल्या आणि पाळण्याजवळ मात्र तिला कोणी बोलावलं नाही. मग गल्लीत अंबाजीबुवा आला. त्यानं भर सभेत तिला पुढं बोलावलं, आपल्या अंगठ्यानं तिच्या कपाळावर कुंकू टेकवलं आणि म्हणाला, "कुंकू नवऱ्याचं नसतं, जीवाचं असतं. जीव कधी विधवा होत नाही."

दीर किशनराव तेव्हा बुवाचा कट्टर शिष्य. वहिनीच्या कुंकवासाठी तो गावाकडच्या भाऊबंदांशी हमरीतुमरीवर आला होता, हे मान्य केलं पाहिजे. दुसऱ्या लेकराच्या बारशाला पाळण्याची दोरी केसरबाईच्या हातात होती. पुढं कोणी वाकडं पाहिलं, की ती ते वाक्य मनातल्या मनात म्हणायची आणि मान वर करायची.

आणि गेल्या महिन्यात भर दुपारी मठाच्या देवघरातून किंकाळी आली. लोकांनी दार फोडलं. आत शेजारच्या नामदेवरावांची सत्यवती होती, लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आलेली पोर. तिला मठात नेलं होतं केसरबाईनंच. बुवा मागच्या दारानं पळाला. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे दिवस होते, कोण आंध्रात, कोण म्हैसुरात, कोण मुंबईत. बुवानं त्यातला आपल्या सोयीचा तुकडा निवडला असणार. बुवा हाती लागत नाही म्हटल्यावर गल्लीनं सत्यवतीला धरलं. ती दुपारची एकटी गेलीच कशी, असं बायका नळावर विचारू लागल्या. ज्यांनी विचारलं त्यांची तोंडं झडली पाहिजे होती, पण तोंडं अशी झडत नाहीत.

केसरबाई बैठकीत उभी राहिली. "भगवंतराव, चूर्ण बी त्यांचंच व्हतं की."

"चूर्णाची गोष्ट वेगळी हाय, बाई."

"कामून वेगळी?"

भगवंतराव छताकडे पाहू लागले. "ते कुंकू बिल्कुल नक्को. लोकं काय म्हणतील?"

"वहिनी, खाली बसा," किशनराव म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं खरी गोष्ट सांगितली. त्याची नोकरी मुंबई राज्याच्या वाट्याला गेली होती. मंगळवारी नांदेडला निघायचं होतं, आणि नांदेड म्हणजे भाऊबंदांच्या दारात. बुवाची बातमी तिथं केव्हाच पोचली होती.

"गाडीत बसायच्या आधी पुसून टाका, वहिनी. मला तिथं तोंड दाखवायचं हाय."

"आन् मला न्हाई?"

"कायकू जिद्द करता? माणूसच खोटा निघाला!"

"माणूस खोटा निघाला, त्याला जोड्यानं मारा, भाऊजी. मी बी मारते. पण त्याचं ते बोलनं खोटं न्हवतं. मी ते जगले हाय. तुम्ही निस्तं ऐकलं."

किशनराव सामान बांधायला वळला. तो मुळात वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. केसरबाईला वाटलं, आपण जिंकलो. त्या रात्री तिला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

सोमवारी बांधाबांध उरकून ती कुंकवाचा करंडा पदराखाली घेऊन नामदेवरावांकडे गेली. सत्यवतीनं त्या दिवसापासून कपाळ कोरंच ठेवलं होतं. निघण्याआधी आपल्या हातानं तिला कुंकू लावायचं, तिला सांगायचं की पोरी, तो मेला पळाला, पण जे आपलं आहे ते त्याच्याबरोबर जाऊ द्यायचं नाही, असं केसरबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. किती दिवसांनी तिला कोणासाठी काही करावंसं वाटत होतं.

सत्यवती आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. केसरबाई जवळ बसली, करंडा उघडला आणि कुंकवाचं बोट तिच्या कपाळाकडे नेलं.

पोर अशी मागं सरली, की डोकं भिंतीवर आदळलं.

"नक्को, मावशी."

"अगं, मी हाय. हे त्याचं न्हाई, आपलं हाय. जीव कधी विधवा…"

"ते म्हनू नका!" सत्यवती ओरडली. मग अगदी हळू म्हणाली, "त्या दिवशी त्यानं दार लावलं ना, तवा हेच म्हनला. कडी लावता लावता म्हनला. कुंकू नवऱ्याचं नसतं. मग माझ्या कपाळाला अंगठा लावला. आन् मग…"

पुढचं साऱ्या गल्लीला माहीत होतं. हे एवढंच कोणाला माहीत नव्हतं.

केसरबाई बोट तसंच धरून बसली. काय बोलावं? तुझ्यासाठी त्यानं ज्या वाक्याचा फास केला, त्याच्यावर मी आठ वर्षं उभी आहे, हे त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगावं? सत्यवती तिच्याशी बोलत होती, पण मान खाली घालून. केसरबाईला आत्ता उमगलं, की गेला महिनाभर ही पोर आपल्याशी अशीच मान खाली घालून बोलते आहे. आपल्याला वाटलं, लाजते. ती आपल्या कपाळाकडे बघू शकत नव्हती.

केसरबाईनं पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून जाईना, म्हणून पदर ओला करून घासलं.

"आता बघ माझ्याकडं," ती म्हणाली.

सत्यवतीनं वर पाहिलं आणि तिच्या गळ्यात पडून रडली.

घरी किशनरावानं वहिनीचं कपाळ पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "बरं केलंत, वहिनी. पटलं ना शेवटी!"

केसरबाईच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण सांगायचं म्हणजे सत्यवतीची ती कडी या माणसाच्या तोंडी द्यायची, उद्या ती भगवंतरावांच्या तोंडी, परवा नळावर. ती गप्प राहिली. संध्याकाळपर्यंत गल्लीत पसरलं, की केसरबाई वाटेवर आली. बैठकीचा निर्णय योग्यच होता असं भगवंतराव दोघातिघांना सांगूनही आले.

मंगळवारी सकाळी टांगा दारात आला. सामान चढलं. कोंडाबाईनं उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं, नारळ ठेवला. केसरबाई धाकट्या लेकराला कडेवर घेऊन नेहमीसारखी पुढं झाली.

"अक्का," कोंडाबाई हलक्या आवाजात म्हणाली. तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, अडखळत होती बिचारी. "लेकराला माझ्याकडं द्या. आन् तुम्ही जरा मागून या. नव्या जागी चाललोय, निघताना सामोरं नको."

केसरबाईनं लेकरू दिलं. जुन्या सवयीनं ते वाक्य तिच्या मनात यायला लागलं, मान वर करण्यापुरतं, आणि त्याच्या पहिल्या शब्दाबरोबर तिला कडी लागल्याचा आवाज ऐकू आला.

सगळे बाहेर पडेपर्यंत ती दाराआड थांबली.