शेजारणीची सहावी कादंबरी

नीलांबरीने बेसनाच्या लाडवांचा डबा पुस्तकांच्या चळतीशेजारी ठेवला आणि लेकीला घेऊन पहिल्याच रांगेत जाऊन बसली. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावाच्या लायब्ररीत आज तिच्या जुन्या शेजारणीचा, सिग्नेचा कार्यक्रम होता. बाई स्वीडनची. तिकडे पाच रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आली, नीलांबरीच्या शेजारी राहिली, आणि सहाव्या कादंबरीने तिचं नशीबच उघडलं. आता म्हणे त्यावर सिरीजही येते आहे. नीलांबरीला कोण अभिमान! जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचायचा मात्र तिला कंटाळा.

"माझ्याच किचनमध्ये बसून लिहायची हं," ती इशिताला म्हणाली.

इशिताने फोनमधून मान वर केली नाही.

सिग्नेने चष्मा लावला आणि वाचू लागली. अंथरुणाला खिळलेला नवरा. दुपारची वेळ. त्याला पाणी पिताना ठसका लागतो. बायको स्वयंपाकघरात भांडी घासते आहे. तिला सगळं ऐकू येतं. ती नळ बंद करत नाही, मोठा करते.

नीलांबरीने चटकन इशिताकडे पाहिलं. नवरा, प्रल्हाद, गेल्यावर एकदा चहा पिताना हे तिने सिग्नेला सांगितलं होतं. जगात फक्त तिला. तीन वर्षं त्याचं सगळं केलं आणि त्या शेवटच्या दुपारी त्याच्याजवळ जावंसं वाटलं नाही. "हे मी लिहू का?" असं सिग्नेने रीतसर विचारलंही होतं. घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? "लिहा ना, त्यात काय," म्हणत तिने सिग्नेच्या कपात आणखी चहा ओतला होता. आपल्याकडे विचारणारा माणूस अशा होकारातला नकार ओळखतो. या मेलीने ओळखला नाही.

टाळ्या झाल्या. इशितानेही वाजवल्या.

"गोष्टच आहे गं ती," पार्किंगमध्ये नीलांबरी म्हणाली. "या लोकांना काय, काहीही सुचतं."

"मी मार्चमध्येच वाचलं, आई." इशिताने तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. "तू सांगशील म्हणून थांबले होते."

मार्चपासूनच इशिताने आपल्या लेकीला, छोट्या आन्याला, आजीकडे ठेवणं बंद केलं होतं. घराजवळ छान डे-केअर मिळालंय, असं म्हणाली होती.

"इशू, त्या दिवशी मी..."

"सीटबेल्ट लाव," इशिता म्हणाली आणि गाडी सुरू केली.