भोंग्याची कोर्टात हजेरी

भोंगा कोठडीत आला तेव्हा फौजदारबाईंना मनातून बरंच वाटलं. हा माणूस बाजारचौकात खोक्यावर उभा राहून ज्याच्या त्याच्या नावाने खडे फोडायचा, म्हणून गावाने त्याला हे नाव दिलेलं. मागल्या वर्षी त्याने बाईंच्या धाकट्या भावाची अब्रू अशीच वेशीवर टांगली होती. भावाने बांधलेल्या शाळेच्या भिंतीला तडे गेले होते, हे खरं होतं. पण भोंग्याने त्यात आईबापांनाही ओढलं होतं.

या खेपेला त्याने नगराध्यक्षांना चोर म्हटलं आणि तो दंगल भडकवल्याच्या आरोपाखाली पकडला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठ साहेबांचा फोन आला. "बाई, त्याला एवढ्यात कोर्टात नेऊ नका. परवा मतदान आहे. ते उरकलं की अटक दाखवू."

"साहेब, तो काल दुपारपासून आत आहे. आज न्यायाधीशांपुढे उभा करायलाच हवा. घटनेतच आहे तसं."

"घटना मला शिकवता? तुमच्याच भावाला धुतलं ना त्याने? मग एवढा पुळका कशाला?"

पुळका नव्हताच. फोन ठेवल्यावर बाईंची नजर कोठडीकडे गेली. दोन दिवस तर आहेत, कोण विचारणार, असं त्यांच्याही मनात येऊन गेलं. आतून भोंगा ओरडला, "ओ फौजदारबाई, चहा तरी पाजा! की तोही नगराध्यक्षांना विचारून?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चहा पाठवला आणि गाडी काढायला सांगितली.

वाटभर भोंग्याची टकळी चालूच होती. न्यायाधीशांनी कागद चाळले, दंगल कुठे झाली ते विचारलं. कुणालाच सांगता येईना. त्यांनी त्याला जामिनावर सोडलं.

संध्याकाळी तो पुन्हा खोक्यावर चढला. फौजदारबाई नगराध्यक्षांच्या ताटाखालचं मांजर आहे, असं त्याने घसा फोडून सांगितलं. लोक हसले. आठवड्याभरात बाईंची बदली झाली. तीही जप्त केलेल्या मोटारी गंजत पडतात अशा दूरच्या आवारावर.

भाऊ घरी आला तो धुमसतच. "ताई, सोन्यासारखं ठाणं घालवलंस. आणि कुणासाठी, तर त्या भोंग्यासाठी?"

"तो मला आजही डोळ्यांसमोर नको वाटतो."

"मग?"

"मग काय? आवडत्या माणसांनाच कोर्टात न्यायचं, अशी शपथ नव्हती घेतली मी."

भावाला ते पटलं नाही. तो जेवला मात्र. निघताना चप्पल घालता घालता त्याने विचारलं, "नव्या जागी जायला बस आहे का?"

"एक आहे. पहाटेची."

"सोडेन मी," तो म्हणाला आणि तोंड फिरवून जिना उतरला.