उभ्याने जेवणारी आई

मी जेवणाचा टेबल बोलतोय. जेवणाचा म्हणजे नावापुरता, कारण माझ्या अर्ध्या अंगावर कायम कागद असायचे. आवाज जरा खोल गेलाय, समजून घ्या. सोळा वर्षं एकाच खोलीत चार पायांवर उभं राहायचं म्हणजे काही खायचं काम नाही.

सुताराने मला चौघांच्या मापाने केलं. नवीन लग्न झालेलं एक जोडपं मला घरी घेऊन आलं. सुरुवातीला दोघं समोरासमोर बसून जेवायची. ताटं रिकामी झाली तरी उठायची नाहीत, हात वाळेपर्यंत गप्पा चालायच्या. ते दिवस माझे सुखाचे होते, हे कबूल करतो.

नवरा वर्तमानपत्रात चित्रपटांची परीक्षणं लिहितो. लिहायला त्याला पसारा लागतो आणि पसाऱ्याला मी लागतो. आधी तो जेवायच्या वेळी कागद उचलायचा. मग "हात लावू नका, क्रम लावून ठेवलाय" सुरू झालं. हळूहळू माझी एक बाजू कागदांनी बळकावली आणि तिथल्या खुर्चीवर जुन्या अंकांचा गठ्ठा येऊन बसला. दरम्यान मुलगी झाली, त्याचे वडील कायमचे राहायला आले. बसायला जागा तीनच उरल्या. बायको ताट हातात घेऊन ओट्याशी उभ्याने जेवू लागली. तिला उभी राहा असं कोणी म्हटलं नव्हतं, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. बस असंही कोणी म्हटलं नाही.

ती एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. दिवसभर लोकांच्या चुका काढून घरी आली की नवऱ्याच्या चुका काढायच्या. त्याचं एकही परीक्षण तिची पेन्सिल फिरल्याशिवाय छापायला गेलेलं नाही.

गेल्या महिन्यात एक चित्रपट आला. एक कुटुंब, त्यांची रोजची जेवणं, जेवताना होणारी भांडणं आणि रुसवेफुगवे, एवढीच गोष्ट. बाकीच्या समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. कोणी छायाचित्रणावर भाळलं, कोणाला आपलं बालपण आठवलं, एकाने तर घरी जाऊन आईला मिठी मारल्याचंही लिहिलं. ही कात्रणं माझ्यावरच पसरलेली होती, म्हणून मला ठाऊक. आमचे साहेब ती वाचून नाक मुरडत होते. सगळे एका सुरात गायला लागले की यांना वेगळा सूर लावावाच लागतो, त्याशिवाय अन्न पचत नाही.

दोन दिवस पेन चावल्यावर त्याला चित्रपटातली चूक सापडली. माझ्याच पाठीवर कागद ठेवून त्याने लिहिलं: "या घरातली आई एकाही प्रसंगात टेबलाशी बसत नाही. एखादी बाई वर्षानुवर्षं उभ्याने जेवेल आणि घरातल्या कोणाच्याच ते लक्षात येणार नाही, हे पटत नाही. दिग्दर्शिकेने खरं घर पाहिलेलं दिसत नाही."

मला वाचा फुटायची तर तेव्हाच फुटायला हवी होती.

संध्याकाळी त्याने तो मजकूर बायकोला दिला. ती जेवत होती. ताट ओट्यावर ठेवून तिने पेन्सिल घेतली आणि उभ्याउभ्याच वाचू लागली. त्या परिच्छेदापाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. कुठे अडलीस का, असं त्याने विचारलं. "नाही. मजकूर शुद्ध आहे. पाठवा," ती म्हणाली आणि पुन्हा ताट हातात घेतलं.

परीक्षण गाजलं. संपादकांनी पाठ थोपटली, फोनवर फोन आले. सगळ्यांना जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं, असं जो तो म्हणत होता, आणि हा गडी नको नको म्हणत ऐकून घेत होता.

आजोबांची एक सवय आहे. मुलाचं लिखाण छापून आलं की सुटीच्या दिवशी दुपारच्या जेवणाला ते मोठ्याने वाचून दाखवतात. आवाजात इतकं कौतुक असतं की मलाही ऐकावंसं वाटतं. त्या दुपारी ते उभ्याने जेवणाऱ्या आईपर्यंत आले आणि नात खुदकन हसली.

"बाबा, हे तू गंमत म्हणून लिहिलंस ना? आपल्याच घरचं?"

आजोबांनी चष्मा काढला आणि वर्तमानपत्राची घडी घातली. समीक्षकाने ओट्याकडे पाहिलं. बायको आमच्याकडे पाठ करून जेवत होती. इतक्या वर्षांत ती पाठ त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. मला त्याचा राग आला होता, पण त्याचा चेहरा बघून कीवही आली.

"तू तर वाचलं होतंस हे," तो हळू आवाजात म्हणाला. "मग बोलली का नाहीस?"

"मला तुम्ही छपाईच्या चुका बघायला देता," ती म्हणाली. रागावून नाही. दमलेलं माणूस बोलतं तसं.

त्याने लगेच गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला, खुर्ची पुसली आणि ये, बस म्हणाला. ती आली. कोपर अंगाशी धरून परक्या घरी बसावं तशी बसली, तीन घास खाल्ले आणि पाणी घ्यायला म्हणून उठली ती तिकडेच थांबली. "बसून घास उतरत नाही हो आता. तुम्ही जेवा." मुलगी त्यानंतर हसली नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने दिग्दर्शिकेची माफी मागणारा मजकूर लिहिला. तो छापून आला आणि थोडं कौतुक त्याचंही झालं. घरात त्याने काही फरक पडला नाही.

कागद मात्र त्याने उचलले, आता माझं अंग मोकळं आहे. जेवायच्या वेळी तिघं ताटांना हात न लावता बसून राहतात. ती ओट्याकडून सांगते, "आलेच, सुरू करा." ते सुरू करत नाहीत, आणि सगळं गार होतं. नुसती खुर्ची रिकामी करून भागत नाही, हे तुमच्याही घरी कोणी उभ्याने जेवत असेल तर आजच ध्यानात घ्या. काल तिने आपणहून ताट माझ्यावर आणून ठेवलं आणि खुर्चीची पाठ धरून उभ्यानेच जेवली. माझे सांधे खिळखिळे झालेत, नवा टेबल घ्यायची बोलणीही कानावर येतात. जरूर घ्या. पण ती बसेपर्यंत मला मोडीत काढू नका.